थोरला माळ कुणी दिला?

बोरधार (झरीजवळ), जि. परभणी
१८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवरंजनी,
आत्याचा तुला पोटभर आशीर्वाद.

फोन उचलत न्हाई म्हणून रागावू नको. माझ्या कानाला आता तू काय आन् कुकरची शिट्टी काय, सारखंच. मोबाइलवर लिहून पाठवावं तर शेजारची पोरगी वाचून दाखवती आन् दिवस मावळायच्या आत साऱ्या गल्लीला खबर. त्याच्यापरीस कागद बरा. सातवी पास हाय मी, अक्षर तुझ्या बापापेक्षा चांगलं हाय.

काम असं हाय. मागल्या आठवड्यात थोरल्या माळावर पांढरी जीप आली. माळ म्हणजे आपल्या गावाचं गायरान, एकशेचाळीस एकर. तू लहानपणी सुट्टीत यायचीस तवा किशनरावाच्या शेळ्यांमागं हिंडायचीस, तेच. चार माणसं उतरली, लाल रंगाचे दगड रोवले, आन् एक यंत्राचा भुंगा वर सोडला. त्याच्या आवाजानं किशनरावाच्या साऱ्या शेळ्या उधळल्या. बिचारा सांजपर्यंत गोळा करत होता. त्यानं विचारलं तर म्हणले, मोजणी हाय बाबा.

सरपंचाचा मेव्हणा भागवत आजकाल कंपनीचा माणूस म्हणून हिंडायलाय. तो म्हणतो, साऱ्या माळावर उन्हाच्या विजेच्या पाट्या बसणार, गावाला कामं मिळणार, आन् गावानं कवाच मंजुरी दिली. कवा दिली ते कुणालाच ठाऊक न्हाई. मी विचारलं तर हसून म्हणाला, काकू, तुमाला ऐकू कुठं येतंय.

तू पुण्यात नकाशाचंच काम करतीस. मला सोप्या शब्दांत सांग, ह्याचा अर्थ काय. बापाला बोलू नको, त्याचं ब्लड प्रेशर वाढतंय.

तुझी आत्या,
नागुबाई


पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,
शरणार्थ.

तुझं पत्र घरमालकिणीनं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि लग्नपत्रिका आहे का, असं विचारलं. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणे.

मोजणी झाली म्हणजे जमीन गेली, असं नसतं. गायरान सरकारच्या नावावर असतं आणि ग्रामपंचायत ते सांभाळते. ते कुणाला द्यायचं तर ग्रामसभेत ठराव व्हावा लागतो. ग्रामसेवकाकडे त्या ठरावाची नक्कल माग. तोंडी नको, अर्ज लिहून दे आणि पोच घे. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

आमच्याकडे असल्या कामांचे नकाशे ढिगानं येतात. कोणता कुठल्या गावाचा, ते मला आठवत नाही.

मी मजेत आहे. एप्रिलमध्ये नोकरी कायम होईल, असं साहेब म्हणालेत. पाडव्याला यायचा प्रयत्न करते, पण नक्की सांगत नाही.

तुझी,
रंजू


बोरधार
१२ मार्च २०२५

चि. रंजू,
खुशाल अस.

नक्कल मिळाली. कशी मिळाली ते ऐक. पहिल्या खेपेला ग्रामसेवक म्हणाला, वही तालुक्याला गेलीय. दुसऱ्या खेपेला म्हणाला, कपाटाची किल्ली न्हाई. तिसऱ्या खेपेला मी एकटी गेलेच न्हाई. बचत गटाच्या नऊ बाया घेतल्या, संगं भाकरी आन् ठेचा बांधला. पंचायतीच्या ओट्यावर बसून आमी जेवलो. त्यालाबी बोलावलं. तो लाजला, पण आला. जेवून हात धुतल्यावर किल्ली त्याच्याच खिशात निघाली.

ठराव हाय २६ जानेवारीचा. त्या दिवशी झेंडावंदन झालं, लेकरांची भाषणं झाली, जिलेबी वाटली, आन् सारं गाव तुरीच्या राशीला पळालं. सभा झालीच न्हाई. पण कागदावर एकशेसदतीस माणसं हजर हायत आन् साऱ्यांनी एकमतानं माळ तीस वर्षांसाठी कंपनीला दिलाय.

त्यात माझं नाव हाय. नावापुढं अंगठा. जी बाई शाळेपासून दस्तखत करती, तिचा अंगठा.

आन् किशनरावाची बायको, दगडाबाई. तिला जाऊन चार वर्षं झाली, तुला ठाऊकच हाय. तिची तर झोकदार सही हाय, निळ्या शाईत. आमच्यातली एक बाई वाचून हसायला लागली. मग ओट्याखाली किशनराव शेळ्या घेऊन उभा दिसला, आन् कुणालाच हसू येईना. काय लिवलंय, त्यानं विचारलं. मीच सांगितलं. ऐकून तो तसाच वळला. शेळ्या घेऊन माळाकडं गेला.

आता पुढं काय करावं ते कळव. आन् आणखी एक. ठरावाला एक रंगीत नकाशा जोडलाय. त्यात आपला माळ तपकिरी रंगानं भरलाय आन् वर लिहिलंय, पडीक, वापर नाही. ज्या शहाण्यानं हा काढला त्याला एकदा इथं आणून माळावरून चालवावं, असं लय वाटतंय.

आत्या


पुणे
१९ मार्च २०२५

ती. आत्या,

तो शहाणा मीच.

नोव्हेंबरमध्ये माझ्या टेबलावर आकाशातून काढलेलं एक चित्र आलं. खाली गावाचं नाव होतं. मी ते वाचलं. दुसरं कुठलं तरी बोरधार असेल, असं मनाला सांगितलं, आणि हे खोटं आहे हेही मला तेव्हाच कळत होतं, कारण माळावरच्या तळ्याचा आकार मी ओळखला होता. चित्र मे महिन्यातलं. मेमध्ये आपला माळ तपकिरीच दिसतो. आमच्याकडच्या नियमात तपकिरी म्हणजे पडीक. मी रंग भरला, रकान्यात ते शब्द लिहिले आणि पुढचा नकाशा घेतला. वीस मिनिटं लागली असतील.

आठवत नाही असं तुला लिहिलं, तेही खोटं. तुझं पहिलं पत्र आल्यावर मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पंचायत जे देते ते आपण कागदावर आणतो, आपलं काम तेवढंच. मी गप्प बसले. एप्रिल जवळ आला होता.

आता करायचं ते असं. तालुक्याच्या कचेरीत फळ्यावर नोटीस लागली असेल. तिच्यावर हरकत घ्यायची शेवटची तारीख असते. त्याआधी गावानं लेखी हरकत द्यायची आणि बनावट सह्या त्यात नावानिशी लिहायच्या. मग तहसीलदारांपुढे सुनावणी होते.

तू रागावली असशील. मला काही बोल, पण तारीख चुकवू नकोस.

रंजू


बोरधार
२४ मार्च २०२५

चि. रंजू,

राग आला. त्या दिवशी माझी भाकरी करपली, ती तुझ्यामुळं. दुसऱ्या दिवशी पत्र परत वाचलं तवा जरा उतरला, कारण मलाबी तुला एक सांगायचं हाय.

ओढ्यापलीकडचं माझं खडकाळ चार एकर मी जानेवारीतच ह्या कंपनीला भाड्यानं दिलंय. भागवतच कागद घेऊन आला होता. मी सारा वाचला, दोन गोष्टी खोडायला लावल्या, मग दस्तखत केलं. तिथं कुसळाशिवाय काही उगवत न्हाई. तू शिकलेली, आत्या फसली म्हणशील, म्हणून बोलले न्हाई. मला अजूनबी त्यात चूक वाटत न्हाई. उन्हाची वीज वाईट न्हाई. पण माझं मी दिलं. माळ कुणी दिला? एवढंच मला कचेरीत विचारायचं हाय.

नोटीस सापडली. दुसऱ्या दोन कागदांच्या खाली होती. मुदत ४ एप्रिल.

पाडव्याला ये. मजबूत बूट घालून ये, माळ पायानं बघायचा हाय. पुरण घालते.

आत्या


पुणे
५ एप्रिल २०२५

ती. आत्या,
शरणार्थ.

गाडीनं मानवत रोड सोडलं तरी मी मोज्यातली कुसळं काढत होते. समोरच्या बाईनं विचारलं, शेतात काम करता का. मी हो म्हणाले.

पाडव्याच्या सकाळी तू पुरणाला बसली होतीस तेव्हा भीमनगरचा धम्मदीप मला माळाच्या वरच्या अंगाला घेऊन गेला. ते तू पाहिलं नाहीस म्हणून लिहिते. त्याचे आजोबा तिथली तीन एकर कसायचे, आज तो कसतो. ज्वारीची धाटं अजून उभी होती. माझ्या नकाशात तीही तपकिरी. मी त्याला म्हणाले, तुझ्याकडे काही कागद आहे का. त्यानं घरी नेऊन पत्र्याची पेटी उघडली. सरकारी जमीन पेरली म्हणून आजोबांना दर साली दंड व्हायचा, त्याच्या पावत्या. सगळ्यात जुनी १९७८ ची. त्याची आजी सांगायची म्हणे, दंड का होईना, ही जमीन आपुन कसतो हे सरकारनंच लिहून दिलंय, पावत्या जपा. दोऱ्यात ओवून जपल्यात त्यांनी.

दुपारी किशनराव काका भेटले. मला वाटलं ते माझ्याशी बोलायचे नाहीत, कारण तोपर्यंत तू त्यांना सगळं सांगितलं होतंस. ते म्हणाले, चल, आता बघ. कोणतं गवत कधी येतं, कोणत्या खळग्यात फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं, व्यायला आलेल्या शेळ्या कुठल्या बांधाआड बसतात, एकेक दाखवत त्यांनी मला तिन्हीसांजेपर्यंत फिरवलं. तळ्यावर किती गल्ल्यांची जनावरं येतात ते मोजलं. आपल्या समाजाची दफनभूमी, मामांची म्हणजे तुझ्या यजमानांची समाधी, सगळं नकाशावर घेतलं. 'वापर' नावाचा रकाना भरला, मग उरलेलं कागदाच्या पाठीमागे लिहावं लागलं.

हरकत आपण १ तारखेला दिलीच. सोबत पक्का केलेला नकाशा पाठवते, तो सुनावणीत दे. त्याखाली माझं निवेदन आहे. पहिला नकाशा मी जागेवर न जाता केला आणि तो चुकीचा आहे, असं सहीनिशी लिहिलंय. हे ऑफिसात कळलं तर कायम होणं राहू दे, आहे तेही जाईल. कागद दोन दिवस टेबलावर ठेवून बघत होते. आज पाकिटात घातला.

रंजू


बोरधार
१८ एप्रिल २०२५

चि. रंजू,
तुला लाख आशीर्वाद.

परवा सुनावणी झाली. एक टेम्पो आन् दोन जीपगाड्या भरून आमी गेलो. ऊन असं की टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येईना. मला ऐकू येत न्हाई म्हणून धम्मदीप शेजारी बसून सारं वहीत लिहून दाखवत होता. तीच वही समोर ठेवून तुला लिहायलेय.

तहसीलदार मॅडम तरुण हायत, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. कंपनीचा वकील म्हणाला, ठराव कायदेशीर हाय, हरकत घेणाऱ्या बायांना कुणीतरी भडकावलंय. मॅडमनी मला पुढं बोलावलं. मी म्हणलं, "मॅडम, हा अंगठा माझा न्हाई. माझं दस्तखत ह्याच कंपनीच्या फाइलीत हाय, जानेवारीतलं. काढून बघा."

मॅडमनी माझा भाडेकरार काढायला लावला. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर नागुबाई, अक्षर न् अक्षर सुटं. दुसऱ्यावर अंगठा, तोबी त्याच महिन्यातला. मॅडमनी मग भिंग मागवलं. माझ्या खालीवर अकरा बायांचे अंगठे होते. मॅडम म्हणल्या, तज्ज्ञाला पाठवू, पण मला तर हे सारे एकाच माणसाचे दिसतायत. भागवतनं दोन्ही हात खिशात घातले.

मग किशनराव उठला. दगडाबाईच्या मृत्यूचा दाखला त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून आणला होता. तो दिला आन् म्हणाला, "मॅडम, ती शाळंत गेली न्हाई. नाव लिवायला शिकायची लय हौस होती तिला. आज शिकवतो, उंद्या शिकवतो म्हणता म्हणता माझ्याकडून राहून गेलं. हितं मात्र कुणी तिचं नाव किती चांगलं लिवलंय."

धम्मदीपनं हे वहीत लिहायला वेळ लावला. मी वर बघितलं तर मॅडम चष्मा पुसत होत्या.

धम्मदीपच्या पावत्या बघितल्या, तुझा नकाशा बघितला. वकील म्हणाला, नकाशा काढणारी बाईच ह्यांची भाची हाय, तिचं काय धरायचं. मॅडमनी तुझं निवेदन मोठ्यानं वाचलं आन् विचारलं, पहिला नकाशा काढणारीबी तीच ना, मग तो कसा धरला. शेवटी हुकूम असा झाला की जुना ठराव बाजूला, सह्यांची चौकशी लागणार, आन् १ मेला नवी ग्रामसभा, कचेरीच्या माणसासमोर.

येताना झरीला उतरून साऱ्यांनी उसाचा रस प्यायला. किशनरावानं दोन ग्लास प्यायले.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते लिही. खरं लिही.

आत्या


पुणे
२६ एप्रिल २०२५

ती. आत्या,

खरंच लिहिते. सोमवारी साहेबांनी बोलावलं. माझं निवेदन त्यांच्या टेबलावर होतं. ते बराच वेळ बोलले, मी थोडंच बोलले. बोरधारच्या कामावरून मला काढलंय. कायम होण्याचं पत्र सहा महिने पुढे ढकललंय. नोकरी मात्र आहे. का आहे ते मला शुक्रवारी कळलं. कंपनीनं आमच्या ऑफिसला विचारलंय की बाकीचे किती नकाशे जागेवर न जाता केलेत. साहेबांना आता असा माणूस हवाय जो खेड्यात उन्हात फिरेल. बाकी कुणी तयार नाही.

बाबांना मीच फोन करून सांगितलं. ब्लड प्रेशर वाढलं नाही. नागुबाईची भाची शोभतेस, म्हणाले, आणि बराच वेळ तुझ्याच गोष्टी सांगत बसले.

१ मेला काय होतं ते कळव.

रंजू


बोरधार
६ मे २०२५

चि. रंजू,

ग्रामसभा झाली आन् खरीखुरी झाली. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, तरी माणसं भिंतीच्या सावलीला उभी होती. कचेरीच्या माणसानं एकेकाचं नाव पुकारलं, ज्यानं त्यानं पुढं जाऊन सही केली. माळ द्यायचा न्हाई, ह्यावर दोनशेचार हात वर आले. भागवतच्या आईनंबी हात वर केला, त्याच्याकडं बघत बघत.

एवढ्यावर उठायला लोक तयार होते. मी म्हणलं, थांबा, धम्मदीपचं राहिलंय. त्याची तीन एकर त्याच्या घराच्या नावावर व्हावी अशी गावानं शिफारस करावी, असा ठराव मी मांडला. तवा खरं भांडण झालं. मघाशी माळ आपला म्हणून ओरडणारेच म्हणायला लागले, आज तीन दिली तर उंद्या काय, हे शेजारच्या बाईनं मला नंतर सांगितलं. मला ऐकू येत न्हाई हे त्या दिवशी बरं झालं. मी आपली बोलत राहिले. म्हणलं, "त्याच्या पावत्या दाखवून आपण माळ राखला. आता त्याचं नाव कागदावर येताना तुमाला जड व्हायलंय?" धम्मदीप खाली मान घालून बसला होता. पहिला हात किशनरावानं वर केला. मग बायांचे. मग एकेक करून बाकीचे. एकशेअकरा झाले, ठराव झाला. सतरा जण उठून गेले. त्यातले चार दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलले.

कंपनीचं सांगते. माळ न्हाई तर एवढ्याशा जमिनीत परवडत न्हाई, म्हणून ते दुसरीकडं चाललेत. माझा भाडेकरारबी संपला. दोन दिवस वाईट वाटलं, कामून खोटं बोलू. त्या भाड्यात कानाचं यंत्र घ्यायचं मनात होतं. पण तुझ्या बापानं सांगून टाकलंय की यंत्र तो घेणार. घेऊ दे त्याला. खडकात मी सीताफळं लावणार हाय, धम्मदीप खड्डे घ्यायलाय.

काल भागवत आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आईनं पाठवलं म्हणाला. कंपनीनं त्याला देखरेखीची नोकरी कबूल केली होती, त्यासाठी एका दुपारीत त्यानं एकट्यानं सारे अंगठे उठवले. माळावर कुणाचं काही नसतं असंच त्याला वाटायचं म्हणे. चौकशीत काय सांगू, विचारायला लागला. मी म्हणलं, जे आता मला सांगितलंस तेच सांग. किशनरावाकडंबी जा म्हणलं. तिकडं जायला त्याचे पाय उचलत नव्हते, तवा मी संगं गेले. किशनरावानं त्याला बसायला पोतं टाकलं. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं न्हाई, आन् मी विचारलंबी न्हाई. लय वेळ बसले होते.

तुला पुढचं काम मानवतकडच्या गावात हाय, असं तुझ्या बापानं कळवलं. उन्हाचं डोक्याला काही बांध. जीप गावाबाहेर थांबव, चालत जा. पंचायतीत नंतर जा, आधी जिथं बाया धुणं धुवायल्यात तिथं जाऊन बस, आन् माझ्यासारखी कुणी बहिरी म्हातारी भेटली तर तिच्या हातात वही दे. चहा दिला तर न्हाई म्हणू नको.

तुझीच,
नागुबाई